टेस्टचा मेल खऱ्या माणसाला जाऊ नये म्हणून

बेंगळुरूच्या झेरोधा कंपनीतले कैलाश नाध यांनी लिस्टमंक ही मेल पाठवण्याची मुक्त प्रणाली बनवली. ती कुणीही आपल्या लॅपटॉपवर फुकट चालवू शकतं. आज तिचंच उदाहरण घेऊ.

समजा, तुम्ही टेस्टसाठी खऱ्या ग्राहकांची यादी भरली आणि खरा एसएमटीपी सर्व्हर जोडला. बटण दाबलं, मेल गेला. तो परत बोलावता येत नाही. जून २०२१मध्ये एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना असाच एक टेस्ट मेल गेला. लोक हसले. पण त्यात ‘तुमचा हप्ता थकला आहे’ असं असतं तर? कुणाची तरी झोप उडाली असती.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, मेलपिट चालवा. लिस्टमंकच्या सेटिंगमध्ये सर्व्हर लोकलहोस्ट आणि पोर्ट १०२५ द्या. मेल तिथेच अडतो; ब्राउझरमध्ये पोर्ट ८०२५वर वाचता येतो.

दुसरी, मनाने जीमेलचे पत्ते रचू नका. तो पत्ता कुणाचा तरी असू शकतो. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव १९९९पासून अशाच कामासाठी राखीव आहे.

तिसरी, खरा डेटाबेस टेस्टला आणताना आधी पत्ते बदला. आणि खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड टेस्ट मशीनवर ठेवूच नका. मग सेटिंग चुकली तरी मेल बाहेर पडणार नाही.

मेल स्पॅममध्ये जातो का, हे मात्र मेलपिटवर कळत नाही. त्यासाठी शेवटी आपल्याच टीमच्या पत्त्यांवर पाठवून बघा.