उसने सूर, स्वतःचा आवाज



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत हेवी मेटलचा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण या विषयातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: हे अस्सल की उचललेले? मेटॅलिका या अमेरिकी बँडला तो आजही विचारला जातो. घरातल्या नातवंडांना हे नाव ठाऊक असेल, म्हणून तोच दाखला घेतो.

आधी आरोपाची बाजू पाहू. १९८१ च्या उन्हाळ्यात लार्स उलरिक हा सतरा वर्षांचा डॅनिश मुलगा अमेरिकेतून इंग्लंडला गेला, तो डायमंड हेड या बँडच्या ओढीने. त्यांच्या मागे मागे हिंडला, त्यांच्याकडेच राहिला. परतल्यावर लॉस एंजलिसमध्ये जेम्स हेटफिल्डला जोडीला घेऊन त्याने मेटॅलिकाची उभारणी केली. मार्च १९८२ मधल्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमात नऊ गाणी झाली. त्यांतली स्वतःची अवघी दोन. उरलेली सात ब्रिटिश बँडची, आणि त्यांतली चार एकट्या डायमंड हेडची! गाणी दुसऱ्याची आहेत हेही ते त्या काळी श्रोत्यांना सांगत नसत. आरोप निराधार नाही.

आता दुसरी बाजू. हेवी मेटलचा जीव ‘रिफ’मध्ये असतो; रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा ठसठशीत तुकडा. हेटफिल्ड तळहाताची कड तारांवर टेकवून नाद दाबतो आणि जलद लयीतही तारेवरचा आघात वरून खालीच करतो. त्यामुळे रिफ करवतीसारखा धारदार होतो. त्याला पंक संगीताचा वेग मिळाला. पुढे क्लिफ बर्टन हा बास वाजवणारा आला. त्याला बाखच्या संगीताची गोडी होती. १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बमचे शीर्षकगीत साडेआठ मिनिटांचे आहे. त्यात मध्येच वेग थांबतो, संथ सुरावट येते आणि मग पुन्हा वादळ उठते. कच्चा माल ब्रिटिश खराच, पण ही घडण डायमंड हेडची नाही.

शिवाय डायमंड हेड तरी निखळ स्वयंभू होते का? त्यांच्या ‘ॲम आय ईव्हिल?’ या गाण्याच्या आरंभी गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’ या वाद्यवृंदरचनेची छाया स्पष्ट ऐकू येते. तेच गाणे मेटॅलिकाने १९८४ मध्ये ध्वनिमुद्रित केले. ऋणाची ही साखळी कुठेही एका टोकाला संपत नाही.

म्हणून मला ऋण आहे की नाही यापेक्षा ते मान्य केले की नाही, हा प्रश्न मोलाचा वाटतो. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या ‘होल लोटा लव्ह’वर ब्लूजकार विली डिक्सनचे नाव नव्हते. ते येण्यासाठी त्याला १९८५ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. मेटॅलिकाने मात्र डायमंड हेडची गाणी त्यांच्याच नावाने ध्वनिमुद्रित केली. २०११ मध्ये बँडला तीस वर्षे झाली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत त्या जुन्या कलावंतांना सोबत घेऊन ती वाजवली. सुरुवातीला जे सांगितले नव्हते, ते जगासमोर सांगितले.

आपल्याकडेही बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी ध्वनिमुद्रिकांतले नामवंत गायक हुबेहूब गात. पुढे देवासला त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांतून स्वतःचे गाणे घडवले. बालपणीच्या त्या नकलेला कोणी चोरी म्हटले नाही. ती कानाची तालीम होती.

आपल्या घरी कोणी कविता लिहील, कोणी गिटार घेऊन बसेल. त्यांचे पहिले काम कुणासारखे तरी असणारच. ‘ही नक्कल आहे’ असे म्हणून ते तिथेच खुडू नका. कोणाकडून घेतलेस, एवढे मोकळेपणाने विचारा. उत्तर निःसंकोच आले, तर पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही: आता यात तुझे काय घालणार?