डेव्हिड चेऊलकर : एका सहायक नटाची कारकीर्द



पेण आणि रोहा या आपल्या दोन कसब्यांची नावे निघाली म्हणजे पेणच्या गणेशमूर्ती आणि रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांचे स्मरण प्रथम व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु हीच दोन नावे ज्या एका लहानशा समाजाने आपल्या आडनावांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविली, त्या बेने इस्राएल समाजाने भारतीय चित्रपटकलेला काय दिले, याची आठवण खुद्द या मुलखात फारशी कोणी काढीत नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर, चेऊलकर ही आडनावे त्यांचीच. फार प्राचीन काळी अलिबागेनजीकच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जी मोजकी माणसे जिवानिशी बचावली, त्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी मात्र बैल सोडून काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. धर्म त्यांनी यहुदी ठेविला, भाषा मात्र मराठीच केली; घरातले बोलणे मराठी, आणि पुढे आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर त्यांनी कीर्तने रचिली तीही मराठीतच.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्या बोलपटाचा आधार असलेले नाटक लिहिणारे पारशी रंगभूमीवरील नाटककार जोसेफ डेव्हिड हे पेणकर होते, ही गोष्ट पेणमध्ये तरी कितीजणांना ठाऊक असेल? बोलपटाचा संसार थाटण्याच्या पहिल्याच दिवशी पेणच्या नावाची माणसे तेथे हजर होती, याचा अभिमान आपण बाळगावयास हवा. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते त्याच समाजातील दुसऱ्या एका कलावंताविषयी, ज्यांना सारा देश नुसत्या ‘डेव्हिड’ या नावाने ओळखीत होता, त्या डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्याविषयी. त्यांच्या आडनावातले चेऊल म्हणजे आपले चौल. रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका जेथे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथील ते पुरातन बंदर.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली, नोकरीसाठी काही वर्षे खटपट करून पाहिली आणि ती साधेना तेव्हा १९३७ च्या सुमारास दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेत प्रवेश केला. ठेंगणा बांधा, विरळ होत गेलेले केस, वाटोळा चेहरा आणि डोळ्यांत मिस्कील पण निर्मळ हसू; ज्या रूपाला नायकाचे पद कोणी देऊ केले नसते, तेच रूप त्यांनी चार दशके आणि शंभराहून अधिक चित्रपट पुरविले. १९४१ च्या ‘नया संसार’पासून १९८० च्या ‘खूबसूरत’पर्यंत स्टुडिओंच्या पेढ्या बुडाल्या, नव्या उभ्या राहिल्या, नायकांच्या तीन पिढ्या आल्या आणि गेल्या, डेव्हिड मात्र प्रत्येक पिढीच्या घरात आपलेपणाने वावरत राहिले.

त्यांच्या हयातीतील सर्वांत मोठी भूमिका म्हणजे राज कपूर यांनी निर्मिलेल्या आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शिलेल्या १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा. आईविना पोरकी झालेली भोला आणि बेलू ही भावंडे, त्यांना भीक मागावयास लावणारी काकू, आणि त्याच झोपडपट्टीत राहणारा, पायाने अधू असलेला, चोरटी दारू विकणारा हा चाचा. मुंबई राज्यात त्या काळी दारूबंदीचा कायदा जारी होता, म्हणजे कायद्याच्या दप्तरात हा मनुष्य गुन्हेगारच; आणि असा गुन्हेगार त्या मुलांना सांगतो की हात पसरू नका, हातांनी काम करा. या प्रसंगाला उपदेशाचा दर्प सहज आला असता. डेव्हिड यांनी तो येऊ दिला नाही, कारण त्यांचा चाचा मुलांना शिकविताना स्वतःच्या आयुष्याची लाज विसरत नाही. आपल्याला जे जमले नाही ते या पोरांना जमावे, ही तळमळ त्यांच्या स्वरात सतत जाणवते. पुढे चाचा तुरुंगात जातो, आणि तेथे टक्कल पडलेल्या कैद्यांच्या मेळाव्यात मेघाला आळविणारे, मन्ना डे यांच्या आवाजातील जे गाणे त्यांच्यावर चित्रित झाले आहे, त्यात शास्त्रोक्त गायकाचा सारा आविर्भाव त्यांनी अशा गंभीर निष्ठेने उभा केला आहे की हसू येते, पण त्या कैद्याचा उपमर्द होत नाही. १९५५ साली फिल्मफेअरने सहायक अभिनेत्यासाठी पारितोषिक प्रथमच ठेविले, आणि ते पहिले पारितोषिक डेव्हिड यांना मिळाले. बेलूचे काम करणाऱ्या बेबी नाझचा त्याच वर्षी कान येथील महोत्सवात विशेष गौरव झाला. त्या मुलीच्या अभिनयाचा वाटा तिचाच. परंतु मुलांबरोबर काम करणारा नट स्वतःकडे लक्ष ओढून घेऊ लागला की मुले कोमेजतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना चाचाचे ऋण कळेल.

मामा, काका, डॉक्टर, शेजारी, कुटुंबाचे स्नेही या सहायक नटाच्या भूमिका पटकथेत बहुधा एकाच साच्यातून निघालेल्या असतात. पेणच्या कारखान्यांतही मूर्तीचे अंग साच्यातूनच निघते, पण डोळ्यांची आखणी मुरलेल्या कारागिराच्या हाताची असते आणि तिच्यावाचून मूर्तीला भाव येत नाही. डेव्हिड यांनी प्रत्येक साच्यावर अशी आखणी केली. ती आखणी, माझ्या मते, त्यांच्या ऐकण्यात होती. संवाद म्हणणारे नट पुष्कळ. समोरचा बोलत असता त्याचे शब्द आपल्यात उतरू देणारे नट विरळा. हृषीकेश मुखर्जी यांनी हा गुण नेमका ओळखला होता. १९७३ च्या ‘अभिमान’मधील संगीतरसिक ब्रजेश्वरलाल आठवा : नवविवाहित दांपत्य गात आहे, सभा आनंदात बुडाली आहे, आणि पत्नीचे गाणे पतीच्या गाण्याहून श्रेष्ठ आहे, ही त्या संसारावरील संकटाची पहिली चाहूल या एका श्रोत्याच्या मुद्रेवर उमटते. उरलेला चित्रपट त्या एका मुद्रेची रुजुवात करीत जातो.

या ऐकण्यामुळेच कोणत्याही धर्माचे, कोणत्याही प्रांताचे घर त्यांना परके झाले नाही. ‘सत्यकाम’मध्ये ते पारशी रुस्तुम झाले, ‘चुपके चुपके’मध्ये सुलेखाचे हरिपदभैया, ‘गोलमाल’मध्ये भवानीशंकरांकडे नोकरी कशी मिळवावी याची युक्ती रामप्रसादला सांगणारे डॉक्टर केदार, आणि त्याच १९७९ साली बासू चटर्जी यांच्या ‘बातों बातों में’मध्ये भाचीचे लग्न जमावे म्हणून धडपडणारे वांद्र्याचे ख्रिस्ती अंकल टॉम. प्रेक्षकांपैकी कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. शेजाऱ्यांच्या चालीरीती जवळून न्याहाळण्याची आणि तरी आपली उपासना न सोडण्याची वहिवाट ज्या समाजाने कोकणात इतकी शतके चालविली, त्या समाजात वाढलेल्या नटाला दुसऱ्याच्या घरात अदबीने कसे बसावे हे निराळे शिकावे लागले नसेल, असे मला वाटते.

पडद्याबाहेरही त्यांच्या वाणीचा लौकिक मोठा होता. चित्रपटसृष्टीतील समारंभांचे सूत्रसंचालन करावे ते डेव्हिड यांनीच, असा त्या काळी जणू शिरस्ता पडला होता. १९६९ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. अखेरचा काळ त्यांनी कॅनडात काढला, आणि टोरांटो येथे त्यांचे देहावसान झाले.

‘बूट पॉलिश’ आजही अधूनमधून दाखविला जातो. पेण-रोह्याच्या श्रोत्यांना तो पाहण्याचा योग आला, तर मुलांच्या गाण्यात रमून जाताना थोडे लक्ष जॉनचाचाकडेही द्यावे, विशेषतः मुले बोलत असतात आणि तो गप्प असतो तेव्हा.