नगरपालिकेनें वाण्याचें दुकान थाटावें काय?



महिन्याच्या आरंभीं वाण्याचें बिल हातीं आलें, म्हणजे “हीं दुकानें सरकारनेंच कां चालवूं नयेत?” असा उद्गार पुष्कळ घरांतून निघतो. २०२५ सालीं न्यूयॉर्क शहरांत हाच प्रश्न निवडणुकीचा विषय झाला. झोहरान ममदानी यांनीं शहराच्या पांचही विभागांत एकेक सरकारी किराणा दुकान काढण्याचें अभिवचन दिलें, आणि लोकांनीं त्यांस महापौर म्हणून निवडून दिलें. जागेचें भाडें नाहीं, मालमत्तेवर कर नाहीं, नफाहि घ्यावयाचा नाहीं. तेव्हां माल स्वस्त मिळेल, असा त्यांचा हिशेब.

हिशेब ऐकावयास गोड आहे; परंतु तो दुकानदाराच्या खातेवहीशीं ताडून पाहूं. अमेरिकेंतील किराणा दुकानदारास शंभर डॉलरांच्या विक्रीमागें निव्वळ नफा दोन-तीन डॉलरांहून क्वचितच अधिक सुटतो. तो सगळा सोडला, तरी गिऱ्हाइकाच्या पदरांत पडणार तें तेवढेंच. भाडें आणि कर यांची सूट खरी. पण ती पालिकेच्याच, म्हणजे आपल्याच, तिजोरींतून जाते. खरा फरक पडतो तो घाऊक खरेदींत.

फ्लॉरिडा संस्थानांतील बॉल्डविन हें सुमारें दीड हजार वस्तीचें गांव. तेथील एकुलतें एक किराणा दुकान बंद पडलें, तेव्हां २०१९ सालीं गांवच्या कारभाऱ्यांनीं स्वतःच दुकान उघडलें. दूरवर जाणें ज्यांस झेपत नाहीं, अशा वृद्धांची सोय झाली. पण एवढ्याशा दुकानाला मोठ्या साखळी-दुकानांच्या भावानें माल कोण देणार? २०२४ सालीं तें बंद झालें.

याउलट अमेरिकन सैन्याचीं दोनशेंहून अधिक दुकानें खरेदीच्या किंमतीवर शेंकडा पांच आकारून माल विकतात. एक तर त्यांची खरेदी प्रचंड. शिवाय तीं चालविण्याच्या खर्चाचा मोठा भार केंद्रीय खजिना उचलतो. ही स्वस्ताई फुकटची नव्हे. तिचें बिल दुसऱ्या दारानें येतें.

आपल्याकडे १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें निराळाच मार्ग दाखविला. शेजारपाजारचीं कुटुंबें एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी आगाऊ देतात, पंचायत घाऊक माल आणते आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. येथें दुकानच नाहीं. खरेदी मात्र एकवटलेली आहे.

माझें मत थोडक्यांत असें. जेथें दुकानें आहेत, तेथें पालिकेनें आणखी एक थाटून भाव उतरणार नाहींत. तिनें घाऊक खरेदीस कोठार आणि जागा द्यावी. जेथें दुकानच नाहीं, तेथें तें जरूर उघडावें. मात्र तें नळाच्या पाण्यासारखी सेवा समजून, आणि येणारी तूट अंदाजपत्रकांत उघड मांडून. मग ती तूट सोसावयाची कीं नाहीं, हें नागरिकांस डोळसपणें ठरवितां येईल.