विद्यार्थ्याची कलावही आणि तिच्यातील संशोधनाची पाने
(संस्थेच्या वार्षिक समारंभात चित्रकला शिक्षकांनी केलेले भाषण)



समारंभाच्या दिवशी चित्रकलेच्या शिक्षकाकडे बहुधा व्यासपीठाची सजावट आणि फळ्यावरचे ‘सुस्वागतम्’ एवढेच काम असते. यंदा मला बोलावयास उभे केले आहे, तेव्हा ही संधी मी एका तक्रारीला उत्तर देण्यासाठी वापरणार आहे. तक्रार पालकांची आहे आणि ती रास्त आहे. आठवीपासून पुढच्या मुलांना आम्ही एक कलावही ठेवावयास सांगतो. पालक विचारतात, “सर, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा आम्हांला समजतात, दहावीला त्यांचे सवलतीचे गुण मिळतात. या वहीचे किती मिळतात?” उत्तर सरळ आहे. एकही नाही. पुढे वास्तुकला किंवा डिझाइनकडे जाणाऱ्या मुलामुलींना आपले काम दाखवावे लागते, तेव्हा ही वही कामास येऊ शकेल. पण त्यासाठी म्हणून ती आम्ही सुरू केलेली नाही.

कलावहीत चित्रे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. अडचण येते ती दुसऱ्या प्रकारच्या पानांची. एखादी इमारत, एखादे जुने चित्र, एखादी नक्षी घेऊन तिचा अभ्यास मांडावयाचा, ती कोणी केली, कशी केली, तशीच का केली, हे शोधावयाचे. आम्ही त्यांना संशोधनाची पाने म्हणतो. ‘संशोधन’ हा शब्द ऐकला की मुले काय करतात? मोबाइल उघडतात, सापडलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवतात, छापील चित्र कापून चिकटवतात आणि भोवती स्केचपेनने वेलबुट्टीची चौकट काढतात. पान देखणे दिसते, घरी शाबासकी मिळते, आणि खरे सांगावयाचे तर बरीच वर्षे मीही अशा पानांवर लाल शाईने ‘उत्तम’ लिहीत आलो.

आमची एक सहल औरंगाबादेस गेली होती. २०२३ पासून त्या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तेथे मुलांनी बीबी का मकबरा पाहिला. परत आल्यावर वह्या तपासावयास घेतल्या, तर जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य होते : शाहजादा आझमशाह याने आपल्या आईच्या, म्हणजे दिलरसबानू बेगमांच्या, स्मरणार्थ ही वास्तू १६५१ ते १६६१ या काळात बांधली. मी फळ्यावर तीन सनावळ्या लिहिल्या. आझमशाहाचा जन्म १६५३. बेगमांचे निधन १६५७. मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखातील वर्ष हिजरी १०७१, म्हणजे इसवी सन १६६०-६१. नंतर मी गप्प बसून राहिलो. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “सर, १६५१ साली तर शाहजादा जन्मलाच नव्हता. आणि बेगमही हयात होत्या.” दुसरा म्हणाला, “इमारत पुरी झाली तेव्हा तो आपल्या दुसरी-तिसरीतल्या पोराएवढा.” वर्ग हसला. वह्या उघडल्या, आणि त्या सुवाच्य वाक्यासमोर प्रश्नचिन्हे पडू लागली. मग पुस्तके पाहिली. इतिहासकार सामान्यतः या बांधकामाचे श्रेय औरंगजेबाच्या आज्ञेस देतात. त्याच दरवाजावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा बांधकामाचा जाणकार अशी नावे आहेत, आणि अताउल्ला हा ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा म्हणून ओळखला जातो. ताजमहालाची ‘नक्कल’ म्हणून ज्या इमारतीची थट्टा होते, ती बापाच्या इमारतीनंतर मुलाने उभारलेली आहे, ही गोष्ट मुलांना फार भिडली. हे सगळे केवळ वजाबाकीतून निघाले.

त्या दिवसापासून आम्ही वहीसाठी एक साधी रीत ठरवली. स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले ते पेन्सिलीने. जे वाचले किंवा कोणाकडून ऐकले ते निळ्या शाईने, शेजारी पुस्तकाचे नाव व पान किंवा सांगणाऱ्याचे नाते. आणि जे स्वतःला वाटते ते हिरव्या शाईने. प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण आणि वेळ, कारण सकाळच्या उन्हात दिसलेली नक्षी दुपारी सपाट दिसते.

मकबऱ्याचेच उदाहरण पुढे नेतो. एका मुलीने पेन्सिलीने लिहिले होते : खालचा भाग हाताला गार लागतो, चकाकतो, डोक्याच्या वर गेल्यावर चकाकी संपते, बारीक तडा दिसतो. निळ्या शाईने : संगमरवर भिंतीच्या खालच्या भागापुरता आहे, वर घुमटाच्या तळापर्यंत काळा दगड व त्यावर घोटलेला गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. हिरव्या शाईने : पैसे कमी पडले असतील. तिच्याच शेजारच्या मुलीचे हिरवे वाक्य वेगळे होते : इकडच्या कारागिरांचा हात चुन्यात चांगला बसलेला असेल, म्हणून त्यांनी फुले दगडात न कोरता गिलाव्यात उठवली. दोघींत चांगले भांडण जुंपले. मी निकाल दिला नाही. दोघींनाही प्लास्टर ऑफ पॅरिसचा एकेक तुकडा दिला आणि एक पान उठवून आणा म्हणालो. ते तुकडे त्या पानांना दोऱ्याने बांधलेले आहेत. ओल्या गिलाव्यात हात किती चटपट चालवावा लागतो आणि तो वाळला की काय होते, हे त्या दोघींना जसे कळले तसे माझ्या व्याख्यानाने कळले नसते. पानावर विश्लेषण म्हणून जे लिहावयाचे ते याच अनुभवातून येते. ‘ही नक्षी अतिशय सुंदर व मनमोहक आहे’ हे विश्लेषण नव्हे. हे वाक्य मी आता कोणाच्याही वहीत खपवून घेत नाही.

काही पालकांना वाटेल की ही नव्या जमान्याची, परदेशी शाळांची थेरे आहेत. म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. बादशहा जहांगीर याच्यापुढे १६२१ साली हबसाणातून आलेला एक झेब्रा आणला गेला. असा प्राणी येथे कोणी पाहिला नव्हता. अंगावरचे पट्टे रंगवलेले तर नाहीत ना, अशी काहींना शंका आली. बादशहाने तो बारकाईने तपासविला आणि पट्टे जन्मजातच आहेत असे ठरल्यावर आपल्या आठवणींत तसे नोंदविले. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्या चित्रावर खुद्द जहांगीरच्या हातची टीप आहे : प्राणी कोठून आला, कोणाबरोबर आला, चित्र कोणी काढले आणि वर्ष हिजरी १०३०. जहांगीरने आणखी एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. बाबराने आपल्या आठवणींत अनेक प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रकारांना ती काढावयास सांगितली नाहीत. मी मात्र वर्णनही लिहिले आणि चित्रही काढविले. लेखन आणि चित्र एकाच ठिकाणी, तारखेसह, पडताळा घेऊन. आमच्या वहीत याहून निराळे काही नाही.

आणि पडताळा नसेल तर? गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजाने १५१५ साली लिस्बनला पोहोचला. जर्मनीतील थोर चित्रकार ड्यूरर याने तो कधी पाहिला नाही. कोणीतरी धाडलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र केले. रेषा अशी की पाहत राहावे! पण गेंड्याच्या मानेमागे एक जादा शिंग उगवले आणि अंगावर चिलखताचे पत्रे चढले. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपात लोक तेच शिंग खरे मानून नकलून काढीत राहिले. ड्यूररचे निळ्या शाईचे काम पेन्सिलीत मिसळले, एवढेच मी मुलांना सांगतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोललेली बरी. आपल्यातील काही घरांत सजीवांची चित्रे काढू देत नाहीत. त्या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार नाही आणि त्यासाठी मी कोणाही मुलाला अडचणीत टाकत नाही. जाळी, दार, सुलेखन, विणकाम, होडीचा सांगाडा, जांभ्याची चिरेबंदी, एवढे पडले आहे की एका वहीत मावणार नाही. या वर्षीच्या सर्वांत भरीव पानांपैकी एक निव्वळ ‘लाम’ आणि ‘अलिफ’ कसे जोडले जातात यावर आहे. त्या मुलाने बोरूचे टोक पाच तऱ्हांनी कापून प्रत्येकाची रेघ पानावर दिली आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. तिच्यासाठीच मी आज बोलावयास तयार झालो.

बाजारपेठेतून मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर एक जांभ्याचे जुने घर होते. आपल्यापैकी पुष्कळांना ते आठवत असेल. त्याचे दार सागवानी, कोरीव. नववीतील एका मुलीने ते दार आपल्या पानासाठी निवडले. तिने काय केले नव्हते? कोरीव कामावर कागद धरून वरून पेन्सिल घासून ठसा घेतला होता. फूटपट्टी जवळ नव्हती म्हणून वितीने मापे घेतली होती आणि आपली वीत किती इंचांची तेही कोपऱ्यात लिहिले होते. कमळाच्या पाकळ्या मोजल्या होत्या. चौकटीभोवती पिळाच्या दोरासारखी नक्षी होती. तिच्याविषयी निळ्या शाईत दादीचे बोलणे होते, की या घरचे पूर्वज नाखवा होते, गलबते घेऊन दूर जात, म्हणून दारावर दोर. खाली हिरव्या शाईत प्रश्न होता : डाव्या आणि उजव्या बाजूचा पीळ उलटसुलट का? दोन सुतारांनी कोरला, की मुद्दाम? पानावर चहाचा डाग होता, तीन ठिकाणी खाडाखोड होती, आणि ठशाची काळी पूड समोरच्या पानाला लागली होती.

त्याच सुमारास शाळेत प्रदर्शन भरावयाचे होते. पाहुणे येणार होते. मी तिला म्हणालो, “बेटी, हे पान फार घाण झाले आहे. फाडून टाक आणि नीट उतरवून आण.” तिने निमूटपणे उतरवून आणले. दार सुरेख रेखाटले, रंग भरले, चौकट काढली. पाहुण्यांनी कौतुक केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घर पाडले गेले. तेथे आता तीन मजली इमारत आहे. दार जुने सामान घेणाऱ्याने नेले. मुंबईस गेले म्हणतात, पुढे पत्ता नाही. मी धावत तिची वही मागितली. स्वच्छ पानावर दोन्ही बाजूंचा पीळ एकाच दिशेने आहे. पाकळ्या आठ आहेत. ती म्हणते, “सर, आठ नव्हत्या. मोजल्या होत्या, लिहिल्या होत्या. किती ते आता आठवत नाही.” ठसा नाही, मापे नाहीत. दादीही त्या पावसाळ्यात गेल्या.

त्या मुलीने मला कधी बोल लावला नाही. अब्बांनी मात्र एकदा विचारले, “सर, आपण सांगितले म्हणून फाडले ना तिने?” मी हो म्हणालो.

तेव्हा पालकांनो, आपल्या मुलाची कलावही उघडाल तेव्हा डाग आणि खाडाखोड पाहून रागावू नका. पान फाडावयास सांगू नका, मी सांगितले तरी. त्याला बसून सुबक मजकूर लिहून देऊ नका. त्यापेक्षा आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगा. आपल्यात कोणी सुतारकाम करते, कोणी जाळी विणते, कोणी आखातात दहा वर्षे गवंडी होते, कोणाची आई गोधड्या शिवते. मूल विचारावयास आले तर “अभ्यास कर, काय हे खूळ” म्हणून वाटेला लावू नका. निळ्या शाईतील निम्मी माहिती कोणत्याही पुस्तकात नाही, ती आपल्या तोंडी आहे. आणि मुलांनो, तुम्ही खोडरबर घरी ठेवून या. चुकले तर त्यावर एक रेघ मारा, वाचता येईल अशी, आणि पुढे लिहा.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर वह्या मांडल्या आहेत. जाताना त्या उघडून पाहाव्यात; हात लावण्यास मनाई नाही. त्यांत त्या मुलीचीही वही आहे. ते स्वच्छ पान आम्ही तसेच ठेवले आहे आणि शेजारचे पान तिने कोरे सोडले आहे. त्या घरात लग्ने झाली, अकीके झाले, हजला जाणाऱ्यांना त्याच दारातून निरोप दिले गेले. आपल्यापैकी कोणाच्या पेटीत जुना फोटो असेल आणि माणसांच्या मागे त्या दाराचा कोपरा जरी दिसत असेल, तर कृपया शाळेच्या कचेरीत दाखवावा. पाहून लगेच परत करू. आम्हांला पाकळ्या मोजावयाच्या आहेत.