उसातलं पिल्लू कोणाचं?

(खोडद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

विषय मांजराच्या पिल्लांचा आहे हे कळल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. व्याख्यानमालेत इतिहास ऐकावा, संतवाङ्मय ऐकावं, मांजर कशाला? पण आपल्या शिवारात कोयता चालू झाला की कुठल्या ना कुठल्या फडातून हाक येतेच, ‘वाघाची पिल्लं सापडली!’ मग सगळं गाव बांधावर. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

उसात सापडणारं पिल्लू तीन घराण्यांपैकी एकाचं असतं. एक बिबट्याचं. पंजे अंगाच्या मानानं थोराड, शेपूट लांब आणि जाड, कानाच्या मागच्या काळ्या बाजूवर पांढरा ठिपका. दुसरं रानमांजराचं किंवा वाघाटीचं. रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड, कानांच्या टोकाला काळे केस. वाघाटी जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा एक-दीड किलोचीच. तिच्या कपाळावर रेघा आणि अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात, म्हणून तिच्या पिल्लांना लोक हमखास बिबट्याची समजतात. आणि तिसरं आपल्याच गोठ्यातल्या मांजरीचं. माणसाचा हात कधी न लागलेलं, जवळ गेलं की फिस्कारणारं.

पहिल्या दोन घराण्यांच्या बाबतीत आपलं काम सोपं आहे: तोड थांबवायची, मागं सरायचं आणि वनखात्याला फोन करायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती पिल्लं घरी नेणं गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा. शेजारच्या न तोडलेल्या उसात त्यांची आई बसलेली असू शकते. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर पिल्लांची तपासणी करतात आणि अंधार पडायच्या सुमाराला, जिथं सापडली तिथंच, क्रेटमध्ये ठेवून दूर होतात. बाजूला कॅमेरे लावलेले असतात. अनेकदा त्याच रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ती आली नाही, तर पुन्हा दुसऱ्या रात्री.

यात अडचण मादीची नसते, आपल्या गर्दीची असते. आपल्या गावाच्या परिसरात 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती इथं उभारली त्याचं एक कारण हे की शहरी गोंगाटापासून ही जागा दूर होती. मोबाइलच्या लहरींनीही आकाशातला क्षीण संदेश बुडून जातो. पिल्लांभोवती शंभर मोबाइल जमले की त्यांच्या आईचंही तसंच होतं. पिल्लांची हाक तिला ऐकू येते, पण गर्दीतून वाट मिळत नाही.

‘मग दुसऱ्या जंगलात नेऊन सोडा ना,’ असं कुणीतरी म्हणतंच. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. त्या घरातल्या माणसानं असं म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण हे करून झालेलं आहे. जुन्नर भागातले बिबटे धरून दुसरीकडे सोडले, त्याचा अभ्यास डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला. स्थलांतराच्या आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. ते सुरू झाल्यावर सरासरी 17 वर गेली. रानच्या जनावराला नवं घर आपण ठरवून देऊ शकत नाही. आणि बाटलीवर वाढवलेला बछडा पुढं सहसा रानात सोडता येत नाही, तो बहुधा जन्मभर पिंजऱ्यात राहतो.

घरमांजराचं मात्र नेमकं उलटं आहे. त्याला नवं घर देता येतं, फक्त वेळ फार थोडा असतो. आयलीन कार्श या अमेरिकी संशोधक बाईंनी दाखवून दिलं की पिल्लू माणसाला आपलं मानायला शिकतं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. रोज 15 मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा 40 मिनिटं हाताळलेली पिल्लं जास्त माणसाळली. तीन महिन्यांचं रानटी पिल्लू धरून आणलंत, तर त्याचा राग तुमच्यावर नसतो. त्याच्या शिकण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून वय ओळखायला शिका. डोळे उघडतात आठवडा-दहा दिवसांनी, दात दिसू लागतात तिसऱ्या आठवड्यात. डोळ्यांचा निळा रंग बदलू लागला की सहा-सात आठवडे झाले समजा. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, तर एकटं दिसलेलं पिल्लू अनेकदा अर्ध्या वाटेवरचं असतं. आई दुसऱ्याला पोचवायला गेलेली असते. काही तास लांबून बघा. आई मेलीच असेल, तर गाईचं दूध पाजू नका, त्यानं हगवण लागते. डॉक्टरांकडून पिल्लांच्या दुधाची पावडर आणा आणि पाजताना पिल्लू पोटावर ठेवा. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू आणलं तर आख्ख्या घरात मोकळं सोडू नका, माळ्यावर जाऊन बसेल. लहान खोली किंवा मोठा पिंजरा, आत लपायला खोकं, शी-शूसाठी माती भरलेली परात. ताट ठेवून निघून जायचं नाही. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा बोटावर द्यायचा आणि तिथंच बसायचं. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. खाता खाता पाठीवरून एक बोट, मग हात, मग मांडी. घरातल्या पोरांना हे काम द्या, पण चावलं-ओरबाडलं तर जखम साबणानं 15 मिनिटं धुऊन सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीज झाल्यावर इलाज नाही.

पूर्ण वाढलेल्या रानटी मांजरीला माणसाळवायच्या फंदात मी पडत नाही, तुम्हीही पडू नका. तिची नसबंदी करून तिला गोठ्यातच राहू द्या. पेंडीच्या पोत्यांवरचे उंदीर ती सांभाळेल. नसबंदी महत्त्वाची, कारण मांजर पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. ही वाढती पिलावळ खाणारा शेजारी आपल्याला चांगला माहीत आहे. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, आणि मांजरंही त्यात होती. घराभोवती मोकाट मांजरं वाढली की त्याच्यासाठी अंगणात आणखी एक पान वाढलं जातं.

आता देण्याविषयी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका, आणि शक्यतो दोन भावंडं एकाच घरी द्या. एकटं पिल्लू रात्रभर घर डोक्यावर घेतं आणि चौथ्या दिवशी तुमच्या दारात परत येतं, पिशवीत. पहिले दोन-तीन आठवडे दार बंद ठेवायचं, नसबंदी वेळेवर करायची आणि रात्री आत घ्यायचं, एवढ्या तीन अटी घालून द्या. समोरचा ‘बोक्याला कशाला नसबंदी?’ असं म्हणाला, तर त्याला पिल्लू देऊ नका. दुसरं घर बघा.