मंद संगणक आणि थकलेला प्रोसेसर
(न्यासाच्या महोत्सवानिमित्त नया बाजारातील सभेत केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी संस्थापकांच्या त्यागाविषयी इतके भरभरून सांगितले की, त्यानंतर मी कार्यालयातील एका लोखंडी डब्याविषयी बोलावे हे अरसिकपणाचे वाटेल. परंतु गेल्या जून महिन्यात त्याच डब्यापायी आपल्या विद्यार्थी निधीला भगदाड पडावयाचे थोडक्यात राहिले. म्हणून बोलणे भाग आहे.

हकीगत अशी. दिवस फी भरण्याचे, मदतीच्या अर्जांचा ढीग पडलेला, आणि संगणक असा की एक नाव लिहून दुसऱ्यास हात घालीपर्यंत चहा निवून जावा. यादी आठ दिवस लांबली. दोष आला तो कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंवर. 'तुमचा हातच चालत नाही,' हे त्यांना भर बैठकीत ऐकावे लागले, आणि मी त्या वेळी गप्प बसलो होतो. पुढे नवा संगणक घ्यावा व पैसा तूर्त विद्यार्थी निधीतून उचलावा, अशी सूचना आली. तेव्हा मात्र मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील कारकून समजा. कामे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा वेळ कमी येतो. म्हणून प्रथम विचारावयाचे ते हे की, त्याचा वेळ खातो कोण? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथे 'सीपीयू' या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येऊन बसतो. आमच्या यंत्रावर कोणी काही करीत नसतानाही आकडा ९० च्या वर! पाहतो तो व्हायरसवर पहारा ठेवणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू. एकाने फाईल उघडली की दुसरा ती तपासावयास धावे. यांतला दुसरा पहारेकरी मागल्या वर्षी मीच बसविला होता, हे येथे कबूल केलेले बरे.

(टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावापुढे ९५ दिसले तर घाबरू नये. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे; तो आकडा मोठा असणे हेच सुलक्षण.)

एक पहारेकरी काढला, यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. सकाळी यंत्र छान पळू लागले. पण दुपारी दोन वाजता पुन्हा रडगाणे! सकाळी बरा आणि दुपारी आजारी, हे काय दुखणे? आपल्या लश्करच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, हे येथे कोणास सांगावयास नको. प्रोसेसर तापून शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवितो. 'परफॉर्मन्स' या पानावर वेगाचा आकडा एकाएकी खाली आलेला दिसला, तेव्हा उलगडा झाला.

वीज बंद करून, वायर काढून डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालील धातूच्या पन्हाळ्यांत धुळीचे जाड जाजम! मऊ ब्रशने ती झाडली. पंखा बोटाने धरून ठेवावा, फुंकरीने गरगरू देऊ नये. प्रोसेसर व धातूचा ठोकळा यांमधील उष्णता वाहणारे मलम सुकून खडू झाले होते. ते पुसून तांदळाच्या दाण्याएवढे नवे लावले. हे काम नवख्याने जाणकार शेजारी असतानाच करावे.

येथे कोषाध्यक्षांनी मार्मिक प्रश्न केला : 'अधिक कोअरचे यंत्र घेतले असते तर हे सारे टळले नसते काय?' याचे उत्तर पुण्यात सापडते. तेथील सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला, तो एखाद्या अचाट प्रोसेसरवर नव्हे, तर अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून. पण त्यासाठी काम वाटून घेता येईल अशा रीतीने लिहावे लागते. आमचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम सारे ओझे एकाच कोअरवर टाकतो. चार कोअरच्या यंत्रात तो एक कोअर घामाघूम झाला तरी एकूण आकडा २५ च दिसतो, आणि उरलेले तिघे हात बांधून उभे! आठ कोअर आणले असते तर सात उभे राहिले असते.

आणखी एक. सीपीयूचा आकडा लहान आणि 'डिस्क'चा शंभरावर, असे दिसले तर प्रोसेसर निर्दोष आहे. तेथे फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवावी.

एकूण खर्च एका मलमाच्या नळीचा. विद्यार्थी निधीला हात लागला नाही, आणि यादी तिसऱ्या दिवशी फलकावर लागली. पुढील बैठकीत ताईंची क्षमा मागण्यात आली. इतिवृत्तात ती नोंद ताईंनीच त्याच संगणकावर टंकलिखित केली आहे. कोणास पाहावयाची असल्यास कार्यालयात मिळेल.