फोन भिजला, चेहरा ओळखेना



उत्तन, पाली, चौकच्या मासळीवाल्या पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात येतात, तेव्हा बर्फाचं पाणी पाटीतून गळतच असतं. हल्ली फोनही सोबत लागतो, गिऱ्हाईक स्कॅन करून पैसे देतं ना! अशाच एकीचा फोन मासळीच्या पाण्यात पडला. तिनं पुसला, दोन दिवस तांदळात ठेवला. फोन चालू झाला, पण चेहरा दाखवला तरी उघडेना. ती रडकुंडीला आली, "माझे पैसे आतच अडकले की गं!"

पैसे कुठे अडकत नाहीत. चेहरा ही फोनची जादा किल्ली, मूळ किल्ली म्हणजे पिन. फोन बंद करून चालू केला की तो आधी पिनच मागतो. तिची अडचण वेगळीच होती. पिन मुलानं टाकलेला, आणि मुलगा कामावर, बाहेरगावी. तुमच्या फोनचा पिन तुम्हाला पाठ आहे का? पैसे पाठवायचा यूपीआय पिन निराळा, तोही स्वतःच्याच डोक्यात हवा.

आता बिघाड कुठे असतो ते बघू. बहुतेक अँड्रॉइड फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखतात. म्हणून आधी स्वतःचा फोटो काढून बघा. फोटो धुरकट आला तर काचेआड दमट हवा साचली आहे. फोटो स्वच्छ येतो, तरी फोन ओळखत नाही? मग जुना चेहरा काढून नव्यानं नोंदवा. पडदा काळाच दिसला तर कॅमेरा गेला. तो दुकानात बदलून मिळतो.

आयफोनचं तसं नाही. २०१७ च्या आयफोन टेनपासून बहुतेक आयफोनांत चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य ठिपके टाकणारा बारीक भाग असतो. ओल लागली की तो लवकर दगावतो. तो त्याच फोनशी जोडलेला असल्यामुळे जुन्या आयफोनांत दुसऱ्या फोनमधला काढून बसवला तरी सहसा चेहरा ओळखत नाही. काही कसबी कारागीर जुनाच भाग दुरुस्त करतात, पण खात्री नसते. सेकंडहँड आयफोन घेतलेल्या मुलांना हे जरूर सांगा. "नवा पार्ट टाकतो" म्हणणाऱ्याला एवढंच म्हणा, चेहऱ्यानं उघडून दाखव, मग पैसे.

फोन भिजल्याबरोबर बंद करा. चार्जिंगला लावायचा मोह आवरा, निम्मे फोन तिथेच मरतात असं माझं मत. कव्हर, सिम काढा, चार्जिंगचं भोक खाली धरून हळूच थोपटा आणि वाऱ्यावर दिवसभर ठेवा. तांदूळ नको. त्याचे कण आत जातात, ॲपल कंपनीनंही तसं सांगितलंय. चुलीजवळही नको. मात्र खारं किंवा मासळीचं पाणी असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. पाणी उडतं, मीठ आत राहतं आणि तांब्याच्या बारीक तारा खातं. फोन चालू झाला तरी दुकानात उघडून साफ करून घ्या, समोर बसून. पिन लागलाच तर स्वतः टाका, सांगू नका. पाण्यानं बिघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही, हेही धरून चाला.

आणखी एक गोंधळ ऐकू येतो. आधारची चेहरा पडताळणी वेगळी असते. तिथे चेहरा आधारच्या नोंदीशी ताडतात, तुमच्या फोनमधल्या चेहऱ्याशी नाही. म्हणून सासऱ्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला शेजारणीच्या अँड्रॉइड फोनवरूनही निघतो. फोन दुरुस्त होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

त्या मासळीवालीनं मुलाला फोन करून पिन विचारला, फोन उघडला. फोटो काढला तर पडदा काळा. शेवटी कॅमेरा बदलावा लागला. आता तिचा फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत असतो, आणि पिन तिनं स्वतः बदललाय. मुलगा विचारतो, ती सांगत नाही.